पुसायचा हक्क

दारं काढून झाली होती. आमच्या जुन्या सरकारी क्वार्टरांची दारं, कडुनिंबाच्या बुंध्याला एकावर एक टेकवून ठेवलेली. भिंती उभ्या होत्या, पण दारं नसलेलं घर कवळी काढून ठेवलेल्या तोंडासारखं दिसतं. मी गाडी थांबवली ती मात्र दारांसाठी नाही. फोन वाजला म्हणून थांबवली.

संदेश होता, 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. धन्यवाद.'

निकाली! भर रस्त्यात मी एकटीच मोठ्यानं हसले. डिकीत पत्रकांचे गठ्ठे होते, त्यावरची शाई अजून बोटांना लागत होती. आणि तिकडे कुणीतरी खुर्चीत बसून एक बटण दाबलं होतं. काम संपलं. धन्यवाद कसले मानता? ज्या बससाठी तक्रार केली, ती बस कुठे आहे?

तक्रार साधी होती. उमरेड रस्त्यावरून आत वळलं की चिंचबन ले-आउट लागतं. तिथं बस यायची, ती येईनाशी झाली. प्रणाली तिथं राहते आणि शहरात नर्सिंग शिकते. रोजचा ऑटो परवडत नाही, हमरस्त्यापर्यंतची वाट निर्मनुष्य. तिच्या वडलांनी सांगून टाकलं होतं, दिवाळीच्या सुट्ट्या संपेस्तोवर बस सुरू झाली तर कॉलेज, नाहीतर घर. हे ज्याला माहीत आहे त्याला 'निकाली' हा शब्द शिवीसारखा लागतो. मला लागला.

तसाच राग घेऊन मी वर बघितलं आणि ते दार दिसलं.

हिरवं. म्हणजे सरकारी हिरवं, जे ना पानाचं असतं ना पोपटाचं. तेलरंगाची चकाकी कधीच उडालेली. बिजागरीजवळ एक खिळा, त्यावर आईचं मोजायचं टेप लटकायचं. त्याच्याखाली एक आकडा, त्याला ओलं फडकं असायचं. आमच्या दोन खोल्यांमधलं हे दार आम्ही कधी लावून घेतल्याचं मला आठवत नाही. ते दार नव्हतंच. तो आमच्या घराचा फळा होता.

आई ब्लाउज शिवायची. मशीन दाराशेजारी, खिडकीच्या उजेडात. शिवणखडू तिच्या कानामागे नाही, दातांत नाही, थेट मांडीवर पडलेला असायचा, अंघोळीच्या साबणाच्या शेवटच्या चिपेसारखा चपटा. कापडावर खूण करता करता हात लांब करून ती दारावर लिहायची. 'घोडमारे – बाही.' 'शाळेतल्या बाई – मागचा गळा.' बसल्या जागेवरून लिहायची म्हणून तिच्या ओळी दाराच्या मध्यावर. बाबा उभे राहून लिहायचे, त्यांच्या ओळी वर. माझ्या ओळी खाली, जमिनीशी गप्पा मारत. तीन मजली फळा होता तो. आजवर मी कामांच्या याद्यांना रंग देणारी, बाण काढणारी, आठवण वाजवणारी किती तरी अ‍ॅप पाहिली. त्यातल्या एकालाही त्या दाराचा वास नाही. ओल्या खडूचा वास, मशीनच्या तेलाचा वास, नव्या कापडाच्या खळीचा वास.

आणि त्या दाराचा एक कायदा होता. काम करणाऱ्यानं पुसायचं नाही. ज्याच्यासाठी काम केलं, त्यानं पुसायचं.

हा कायदा कुठल्या पुस्तकातून आला नव्हता. तो ब्लाउजमधून आला होता. घोडमारे काकू आतल्या खोलीतून ब्लाउज घालून बाहेर यायच्या आणि आई खाली मान घालून, दुसरं कापड उलगडत म्हणायची, "पुसा काकू."

"अवो, होते ना बराबर. शिवलं तुम्ही, तुम्हीच पुसा."

"मले काय कळते बराबर हाय का नाई? मी थोडीच घालून राहिली? हात वर करा. वरचा डबा काढल्यासारखे. केस विंचरून पाहा. मंग पुसा."

काकू हात वर करायच्या, हवेतला डबा काढायच्या, हवेतली वेणी घालायच्या. मशीन थांबलेली. आणि मग हळूच, जणू चूक त्यांचीच आहे अशा आवाजात, "काखेत जरासं दाटून राहिलं वं."

"मंग राहू द्या ते ओळ."

ओळ राहायची. आई उसवायची. उसवतानाचा तो बारीक कटकट आवाज मला मशीनच्या आवाजापेक्षा जास्त आठवतो. दुसऱ्या दिवशी काकू पुन्हा यायच्या, पुन्हा हवेतला डबा. आणि जेव्हा त्या आकड्यावरचं फडकं घेऊन स्वतःच्या नावावरून फिरवायच्या, तेव्हा त्यांचा चेहरा मी पाहिलेला आहे. साडी, दागिना, कशानंही बाईचा चेहरा तसा होत नाही. आपलं काम झालं की नाही हे आपल्याला कुणी विचारलं, याचा तो चेहरा होता.

बायकांचा कायदा घरात कधी लागू झाला ते मला माहीत नाही. माझ्या आठवणीत तो आधीपासून होता, कडुनिंबासारखा.

उन्हाळ्यात दारावर सगळ्यात वर एकच शब्द असायचा. 'कूलर.' नागपूरच्या मे महिन्यात घर दोनच गोष्टींवर उभं असतं, पाण्यावर आणि वाळ्यावर. बाबा कचेरीतून यायचे, शर्ट काढून खुंटीला लावायचे आणि बादल्या वाहायचे. टाकीत पाणी पडण्याचा आवाज, मग पंपाची घरघर, मग वाळ्याच्या ताट्या ओल्या व्हायच्या आणि सगळ्या खोलीला पहिल्यांदा मातीची आठवण व्हायची. बाबा खुश होऊन फडक्याकडे हात न्यायचे.

"अहो!" आई आतून.

कारण कूलरची ओळ पुसायचा हक्क माझा होता. माझी गादी कोपऱ्यात, कूलरच्या तोंडापासून सगळ्यात लांब. तिथं झुळूक पोचली तर कूलर चालला. मी डोळे मिटून पडायची आणि निवाडा द्यायची. "नाई पोचत."

"नाई पोचत?" बाबा घामानं निथळत उभे. "ऑफिसात दिवसभर फाइली निकाली काढतो मी. ढीगच्या ढीग. आन् घरी एक कूलर निकाली निघत नाई!"

"ऑफिसातल्या फाइलीले गरम होत नसन ना," आई म्हणायची.

बाबा कूलर इंचभर वळवायचे, खाली विटकर सरकवायचे. आणि मग ती यायची. वाळ्याचा वास घेऊन, कोपऱ्यापर्यंत, गालाला थंड बोट लावल्यासारखी. मी उठून 'कूलर' पुसायची. दुसऱ्या दिवशी बाबा पुन्हा लिहायचे.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणाला, माझी ओळ असायची. 'बैलाचं चाक.' लाकडी बैल, त्याच्या पाटाची चाकं दरवर्षी निघायची. एकदा बाबांनी इस्त्रीचा शर्ट घालून, ऑफिसला जाता जाता, तोंडात खिळे धरून चाक ठोकलं आणि म्हणाले, "झालं, पुस." मी पुसलं नाही. बैल घेऊन बाहेर गेले. क्वार्टरांच्या गिट्टीवरून, नळावरून, चिखलातून, थेट या कडुनिंबापर्यंत ओढत नेला. कारण मिरवणूक घरातल्या फरशीवर निघत नसते. निंबाच्या मुळीवर चाक सुटलं. बाबा सायकलवर बसलेले होते. उतरले. पुन्हा खिळे तोंडात. त्यांना उशीर झाला असणार, कुणी बोललंही असणार. पण ते चिडले नाहीत. कायदा म्हणजे कायदा. त्या वर्षी माझा बैल सगळ्या रांगेत सरळ चालला, गळ्यातल्या घुंगराचा आवाज अजून माझ्या कानात आहे, आणि संध्याकाळी मी ती ओळ तळहातानं पुसली. फडक्यानं नाही. हात पांढरा झाला, तो मी जेवेपर्यंत धुतला नाही.

आणि दिवाळी. दिवाळीच्या आधी दार खालपासून वरपर्यंत भरायचं. बाबांच्या आणि माझ्या जागेवरही आईच्या बायका यायच्या. घरभर रंगीत चिंध्या, चिवड्याच्या पोह्यांवर दोरे. रात्री दार भरलेलं आणि सकाळपासून एकेक बाई येऊन ते रिकामं करत जायची. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी दार ओलं आणि हिरवंगार असायचं. आई त्याच्याकडे बघत चहा प्यायची. तेवढाच चहा ती वर्षभरात बसून प्यायची असं मला वाटायचं.

बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं. फ्लॅटमधली दारं गुळगुळीत सनमायक्याची, त्यांच्यावर खडू उमटत नाही. मशीनवर आता चादर आहे. बाबांच्या गोळ्यांची आठवण फोनमध्ये वाजते. बाबा बोट लावून ती बंद करतात, गोळी तशीच राहते. आई म्हणते, "फोननं घेतली वाटते गोळी."

"मॅडम, तिथं उभं नोका राहू, भिंत पडून राहिली!" क्वार्टरांचा चौकीदार ओरडत आला.

"भाऊ, हे दार मला पाहिजे."

त्यानं दाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ह्यात काय हाये? सागवान तं ते तिकडं हाये. हे तं वाळवीनंही सोडलं."

"हेच पाहिजे."

"घर बांधून राहिले का?"

"नाही. लिहायचंय त्याच्यावर."

"बाप्पा! कागद महाग झाले का?" तो म्हणाला. पण ठेकेदाराला फोन लावून त्यानंच विचारलं, आणि आमच्या गटातला स्वप्नील त्याच्या मामाचा टेम्पो, छोटा हत्ती, घेऊन आला तेव्हा एका बाजूनं दार उचललंही त्यानंच.

बससाठी झटणाऱ्या आमच्या गटाची खोली आटाचक्कीच्या मागे आहे. चक्कीवाल्यानं दिलेली. बोलायचं तर चक्कीच्या वर आवाज काढून बोलावं लागतं, त्यामुळे आमचा प्रत्येक विचार घोषणेसारखा निघतो. आम्ही पाच-सहा जण, पत्रकं, एक चटई. आणि स्वप्नीलच्या फोनमधली यादी. तो सगळ्यांना पाठवतो. हिरव्या खुणा असलेली. निवेदन, झालं. सह्या, झाल्या. पत्रक, झालं. तक्रार नोंदणी, झाली. त्या दिवशी दार भिंतीला टेकवून आम्ही धापा टाकत बसलो होतो, तेवढ्यात प्रणाली आली. स्वप्नीलनं तिला यादी दाखवली. अभिमानानं दाखवली, मेहनत केली होती पोरानं.

प्रणालीनं वरून खालपर्यंत वाचलं. "सगळं झालं म्हणता तं बस कुठी हाये?"

चक्की तेवढ्यात थांबली. थांबायची नव्हती तेव्हाच थांबली.

कचेरीवाल्यांवर मी तासभर भाषण देऊ शकते. पण आमच्या फोनमध्येही तेच बटण होतं. ज्यांनी काम केलं, त्यांनीच खूण केली. प्रणालीला कुणी हात वर करून पाहायला सांगितलं नव्हतं.

मी आईला फोन केला. ती बाबांसोबत आली, पदराच्या गाठीत शिवणखडू बांधून. दाराजवळ आली, टेपच्या खिळ्यावरून बोट फिरवलं, आकडा हलवून पाहिला. रडेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "धूळ किती हे! फडकं आण."

पुसून झाल्यावर ती प्रणालीकडे वळली. "काय पाह्यजे तुले?"

"बस."

"कोणची? जायची का यायची?"

प्रणाली गोंधळली. इतक्या सह्या, इतकी निवेदनं, हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. "दोन्ही, मावशी. सकाळी जायची, संध्याकाळी यायची."

आईनं खाली बसून, दाराच्या मध्यावर लिहिलं. 'चिंचबनची बस. सकाळ. संध्याकाळ. – प्रणाली.' बाकी काही नाही. निवेदन नाही, सह्या नाहीत. अख्ख्या दारावर एक ओळ.

मग कल्पना कुणाच्या डोक्यात आली ते सांगता येत नाही. मी म्हणते माझ्या, स्वप्नील म्हणतो त्याच्या. आम्ही ते दार पुन्हा छोट्या हत्तीत चढवलं आणि तक्रार 'निकाली' काढणाऱ्या त्या कचेरीत घेऊन गेलो. चिंचबनच्या बायका होत्या, मोर्चाला येतात तशा नाही, लग्नाला निघाल्यासारख्या. बाबा पुढे बसून रस्ता सांगत होते, जो चालकाला माहीत होता. सिग्नलला लोक विचारायचे, "कुठं घेऊन चालले दार?" बायका ओरडायच्या, "निकाली काढाले!"

साहेब बाहेर आले. वाईट माणूस नव्हता तो. दमलेला, चष्मा कपाळावर, हसून प्रसंग निभावून न्यायची सवय असलेला. ओळ वाचली, म्हणाले, "एवढंच ना? आजच वर पाठवतो. झालंच समजा." आणि गंमत म्हणून खिशातला रुमाल काढून ते दाराकडे सरकले.

"हात लावू नका साहेब," आई म्हणाली.

ती ओरडली नाही. घोडमारे काकूंशी बोलायची तोच आवाज. "तुम्ही थोडीच बसून राहिले त्या गाडीत? हे पोरगी बसन. जाईन, येईन. मंग थेच पुसन."

साहेबांचा रुमाल तसाच हातात. मागे त्यांच्या कचेरीतले कारकून दाराशी जमले होते, त्यातला एक म्हातारा बाबांकडे पाहून हळूच मान हलवत होता. दोघं पेन्शनर, म्हणजे एक झालेला आणि एक होणार, त्यांना एकमेकांचं समजलं असावं. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि ओळ पुन्हा वाचली. या वेळी नीट. "संध्याकाळची वेळ कुठली पाहिजे?" त्यांनी विचारलं. आईला नाही, मला नाही. प्रणालीला.

मला माहीत आहे, कुणी म्हणेल, एका दारानं काय होते? काही होत नाही. दारामागे चिंचबनच्या बायका उभ्या होत्या, त्या नंतर पुन्हा दोनदा जाऊन उभ्या राहिल्या, त्यानं होतं. पण तेव्हापासून कुणी 'झालं' म्हटलं की त्या बायका एकमेकींकडे बघून म्हणायच्या, "पुसलं का वं प्रणालीनं?" आमच्या सगळ्या पत्रकांना जे जमलं नाही ते या एका प्रश्नानं केलं. लढा कुणाचा आहे ते कळलं.

दिवाळी झाली. थंडी पडली, हातगाड्यांवर संत्री आली, सकाळचा रस्ता सालीच्या वासानं जागा व्हायला लागला. सुट्टी संपली त्या दिवशी आम्ही सगळे खोलीत थांबलो होतो. आईही आली होती. हल्ली ती येतेच. मशीनवरची चादर काढून मशीनच इथं आणायचं चाललंय तिचं, चक्कीच्या आवाजात तिला करमतं म्हणे. स्वप्नील फोन हातात घेऊन बसला होता, पण यादी उघडली नव्हती.

प्रणाली आली तेव्हा दिवे लागले होते. पांढऱ्या बुटांवर धूळ, म्हणजे ती चिंचबनच्या वाटेनं चालत गेली होती आणि पुन्हा चालत इकडे आली होती. तिचे वडील मागे, सायकल धरून. बारीक माणूस, दारात थांबले. त्यांना आत या म्हटलं तरी आत येईनात.

प्रणाली आत आली. सरळ दाराकडे गेली, फडकं बुडवलं, पिळलं. आणि 'सकाळ' या शब्दावरून फिरवलं. तेवढ्यावरूनच. 'संध्याकाळ'च्या कडेला फडकं थांबलं.

"सकाळची आली," ती म्हणाली. "बसले मी, खिडकीत. संध्याकाळची नाई आली."

स्वप्नीलचा चेहरा पडला. मी भाषणासाठी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात आई म्हणाली, "एक बाही बसली. दुसरी उसवू."

ओल्या फडक्यानं शेजारचा 'संध्याकाळ' जरा फिसकटला होता. आईनं खडू घेतला आणि वरून गिरवायला हात पुढे केला.

"थांबा ना बाई," दारातून आवाज आला. प्रणालीचे वडील. सायकल भिंतीला लावून ते आत आले होते, चपला बाहेर काढून, देवळात येतात तसे. "ते गिरवा, पण पुढं माहं नाव टाका. संध्याकाळी हमरस्त्यावर हिले घ्यायले मी जाऊन राहिलो. रोज जाईन, बस येईस्तोवर. मंग ते मीच पुसन."

"कॉलेज?" मी विचारलं.

"कॉलेज तं चालू हाये ना," ते जरा चिडूनच म्हणाले, जणू मी काहीतरी भलतंच विचारलं.

आईनं त्यांचं नाव विचारलं आणि लिहिलं. बाजूला 'सकाळ'चा ओला डाग हळूहळू वाळत होता, आणि खोलीभर, पिठाच्या वासात मिसळून, ओल्या खडूचा वास येत होता.